जंगलाच्या फोटोत बघायचं काय?

दर पावसाळ्यात पुण्यातल्या निम्म्या आयटीचे फोटो हिरवेगार होतात. सोमवारी ऑफिसात ते दाखवले की ठरलेला प्रश्न येतो, "मस्त रे, पण यात बघायचं काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. जंगलात उभं असताना ओल्या मातीचा वास असतो, बेडकांचा आवाज असतो, गारवा असतो. फोटोत यातलं काहीच येत नाही. उरतो तो नुसता हिरवा काला.

तर मंडळी, आधी उजेडाचं बघू. भर दुपारच्या उन्हात जंगलाचे फोटो काढूच नयेत, असं माझं मत. पानांतून पडणारा कवडसा आणि शेजारची सावली यांत सहज ५-६ स्टॉपचा फरक असतो. आपला डोळा जुळवून घेतो, फोटोत मात्र पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची गोधडी दिसते. ढगाळ दिवस किंवा सकाळचं धुकं उत्तम. धुक्यात मागची झाडं पुसट होत जातात आणि चित्राला आपोआप खोली येते. फक्त एक करा. कॅमेऱ्याला पांढरं धुकं म्हणजे जास्तीचा उजेड वाटतो आणि तो फोटो काळवंडून टाकतो, म्हणून एक्स्पोजर +१ करा. दाट सावलीत याच्या उलट, थोडं उणे.

ओल्या पानांवरची पांढरी चमक घालवायला पोलरायझर फिल्टर लावा आणि हळूहळू फिरवत बघा. खरा हिरवा रंग वर येतो. यात दीडेक स्टॉप उजेड जातो, तेव्हा ट्रायपॉड हवाच, आणि वारा पडेपर्यंत थांबायची तयारीही. मोबाईलवाल्यांनी पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवावी. जुगाड आहे, पण चालतो!

आता फ्रेम. जंगलात सगळंच असतं, त्यामुळे काय घ्यायचं यापेक्षा काय वगळायचं हे महत्त्वाचं. एकच नायक निवडा: वाकडं खोड, शेवाळलेला दगड, एखादी वेल. वरचं पांढरं आकाश शक्यतो बाहेर ठेवा, नजर आधी तिकडेच पळते. दोन खोडं एकमेकांवर चढत असतील तर अर्धं पाऊल डावीकडे सरका.

खरी गोम इथेच आहे. भीमाशंकरकडच्या आहुप्याच्या देवराईत आमच्यातला एक जण मधे येणारी फांदी मोडायला निघाला. सोबतचे गावातले काका म्हणाले, "दादा, फांदी राहू द्या. तुम्हीच जरा सरका की." देवाचं रान म्हणून तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, ही रीत. म्हणून तर ते रान आपल्याला बघायला शिल्लक आहे. दर शनिवार-रविवारी तिथे येणाऱ्या प्रत्येकाने "फक्त एकच" फांदी बाजूला केली, शेवाळावर गुडघे टेकले, तर काही वर्षांनी फोटो कशाचा काढणार?

मित्र सरकला. गुडघ्यात वाकून, फांदीच्या खालून फोटो काढला. वरच्या कडेला ती फांदी कमानीसारखी आली आणि पांढरं आकाशही तिच्यामागे झाकलं गेलं. ऑफिसात तो फोटो बघून कुणी "यात बघायचं काय" असं विचारलं नाही.

असो. येत्या शनिवारी ढग असतील तर बघा करून.