शिरोभागातील ओळ

एका जुन्या वाचनालयाची ग्रंथसूची संकेतस्थळावर चढविण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पाने रचण्याच्या संपादन-प्रणालीत एक चमत्कारिक तक्रार उद्भवली. दस्तऐवजाच्या गुणधर्मांत अक्षरसंकेत म्हणून युटीएफ-८ निवडावा, पान जतन करून बंद करावे आणि पुन्हा उघडावे, तर ती निवड रद्द होऊन पश्चिम युरोपीय भाषांचा जुना संकेत तेथे बहाल झालेला असे. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली सिद्ध केलेल्या युटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. जुना संकेत त्या प्रत्येक बाइटाचे स्वतंत्र अक्षर वाचतो. सबब ग्रंथनामांच्या जागी, माथ्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यामागे चलनाचे चिन्ह, अशी जोडी पानभर पुनःपुन्हा उमटे.

इतके झाले तरी मूळ बाइट शाबूत राहत. परंतु त्याच अवस्थेत नवी मराठी नोंद टंकून पान जतन केले, की त्या संकेतात न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराऐवजी फाइलीत प्रश्नचिन्हच लिहिले जाई, आणि ते अक्षर कायमचे नष्ट होई. ग्रंथकर्त्यांची नावे अशी पुसली गेलेली पाहून मला खरोखर वेदना झाल्या.

पसंतीक्रम बदलले, प्रणाली नव्याने बसविली. गुण आला नाही. अखेर पानाची मूळ संहिता उघडली, तेव्हा उलगडा झाला. साध्या मजकुराच्या फाइलीत तिच्या संकेताची निराळी नोंद नसते. गुणधर्मांतील निवड त्या बैठकीपुरतीच होती, आणि ज्या नमुना-पानावरून सर्व पाने निघाली होती, त्याच्या शिरोभागी आयएसओ-८८५९-१ हे त्याच जुन्या पश्चिम युरोपीय संकेताचे नाव लिहिलेले होते. पान उघडताना प्रणाली त्या ओळीचाच हुकूम मानीत होती.

नमुन्यात आणि प्रत्येक पानात ती ओळ बदलून मी शीर्षकाच्याही आधी ठेवली, कारण प्रमाणानुसार ती पहिल्या १०२४ बाइटांत यावी लागते. सर्व्हरचा शिरोलेख पानातील ओळीवर मात करीत असल्याने तोही तपासला. विद्रूप दिसणारी पाने तत्काळ पूर्ववत झाली; प्रश्नचिन्हांत गेलेल्या नोंदी मात्र दप्तरातून पुन्हा उतरवाव्या लागल्या. म्हणून ज्यांच्या ताब्यात अशी जुनी मराठी पाने आहेत, त्यांना माझी विनंती आहे की अक्षरे विपरीत दिसू लागताच त्या पानात काही टंकू नये, काही जतन करू नये. आधी शिरोभागातील ती ओळ वाचावी.