केनवडहून चाँदबीबीच्या किल्ल्याकडे

रिसोड तालुक्यातील आमच्या केनवडला ना किल्ला, ना राजवाडा. चहूकडे सोयाबीन आणि तुरीचे शिवार. वर्गात चाँदबीबी शिकवताना एका मुलीने विचारले, "सर, हे सगळं नगरला झालं. आपल्या गावाचा काय संबंध?" आम्ही वेळ मारून नेली, पण प्रश्न मनाला लागला. दिवाळीच्या सुट्टीत मेहकर, जालना, छत्रपती संभाजीनगर करीत आम्ही अहिल्यानगर, म्हणजे जुने अहमदनगर गाठले.

भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. भोवती खंदक, आत वर्तुळाकार दगडी तट. तो बांधला चाँदबीबीचे वडील हुसेन निजामशहा यांनी. याच घराण्यातली लेक विजापूरच्या अली आदिलशहाला दिली. 1580 मध्ये अलीचा खून झाला. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम गादीवर आला आणि त्याला सांभाळण्याचे काम चाँदबीबीवर. कामिलखान सत्ता बळकावू लागला, म्हणून तिने किश्वरखानाची मदत घेतली. पुढे त्यानेच तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले! हबशी सरदारांनी किश्वरखानाला हुसकावले, तेव्हा ती सुटली.

माहेरी आली तर तिथेही तेच. 1595 मध्ये गादीच्या भांडणात मियाँ मंजूने अकबराचा मुलगा मुराद याला मदतीला बोलावले. मुघलांनी सुरुंगाने तट फोडला. चाँदबीबी स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात तट बांधून काढला. 1596 मध्ये तह झाला. नगर वाचले, पण बदल्यात वऱ्हाड मुघलांना द्यावे लागले.

तटाखाली उभे असताना आम्हाला त्या मुलीचे उत्तर सापडले. अकबराच्या दफ्तरात वऱ्हाड सुभ्यात 'बासिम' सरकार आहे, तेच आपले वाशीम. नगरच्या तटाची किंमत आपल्या मुलखाने मोजली होती.

1600 मध्ये मुघल पुन्हा आले. आता लढून निभाव लागणार नाही, हे ओळखून ती बालराजा बहादूरच्या जिवासाठी बोलणी करू पाहत होती. 'राणी फितूर झाली' अशी हाकाटी हमीदखानाने उठवली आणि तिच्याच लोकांनी तिला ठार केले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

नगरजवळच्या डोंगरावरील इमारतीला लोक 'चाँदबीबी महाल' म्हणतात. खरे तर ती सलाबतखानाची कबर आहे. जिला जिवंतपणी ओळखले नाही, तिचे नाव लोकांनी मागाहून दगडाला दिले.

सुट्टीनंतर आम्ही वर्गात हे सांगितले. ती मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, आपल्याला देऊन तिनं नगर वाचवलं?"

"होय."

"आणि नगरच्याच लोकांनी तिला मारलं?"

वर्ग शांत झाला. वाचकहो, शत्रूच्या सुरुंगातून वाचलेली राणी घरातल्या अफवेने गेली. घरी कोणाविषयी काही कानावर आले, तर आधी खात्री करा, असे आम्ही मुलांना सांगितले. त्या दिवशीचा इतिहासाचा धडा एवढाच.