एका लॅपटॉपास दोन पडदे

एकच गोष्ट नीट समजून घ्यावयाची तर अनेक पानें एकाच वेळीं डोळ्यांपुढें असावीं लागतात, हें पुणेकरांस कोणी नव्यानें सांगावयास नको. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं सुरू झालें तें १९६६ सालीं पुरें झालें. सुमारें १,२५९ हस्तलिखितें त्यासाठीं पाहण्यांत आलीं. १९२५ सालीं डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं संपादनाची धुरा घेतली. शास्त्रीमंडळी तक्त्याच्या माथ्यावर श्लोकाचें एकेक अक्षर सुटें मांडीत व निरनिराळ्या पोथ्यांतील पाठभेद त्याखालीं ओळीनें भरीत. शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम् अशा लिप्यांतील पोथ्या एकामागून एक वाचून नुसत्या ध्यानांत ठेवावयाच्या असत्या, तर तें काम कोणाच्यानेंहि झालें नसतें. या तक्त्यांची आम्हांस आठवण झाली ती मात्र आमच्या सूनबाईमुळें.

ज्येष्ठ बंधु व वहिनी, त्यांचा मुलगा व सून, आणि आम्ही उभयतां असें आमचें सदाशिव पेठेंतील एकत्र कुटुंब. सूनबाई हिंजवडीच्या एका कंपनींत संगणकाच्या आज्ञावली लिहिते. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली तेव्हां तिचें काम घरीं आलें. आतां आठवड्यांतील तीन दिवस घरून काम करण्याची मुभा आहे. वहिनी गेल्या वर्षापासून अंथरुणास खिळलेल्या. आणि हिंजवडीस जाऊन येण्यांत दोन-अडीच तास सहज मोडतात. तेव्हां ही मुभा म्हणजे घराला मोठाच आधार. पण कचेरींत तिच्यापुढें दोन मोठे पडदे आणि घरीं एक चिमुकला लॅपटॉप. आज्ञावली, तिचा परिणाम, सहकाऱ्यांचे निरोप, सारें त्याच चौकटींत उघडझांक करीत पाहावें लागे. काम रेंगाळूं लागलें, आणि घरून जमत नसेल तर रोज यावें, असें वरून सूचित झालें. तेथून हा प्रश्न एकट्या सूनबाईचा राहिला नाहीं.

२४ इंची दोन पडदे घेतले. तापकीर गल्लींतून डॉकिंग स्टेशन नांवाची एक पेटी आणली. डॉक म्हणजे गोदी. जहाज धक्क्यास लागलें कीं पाणी, इंधन, माल सर्व एके ठिकाणीं मिळतें. तसें लॅपटॉपला एकच वायर लावावी आणि पडदे, कळफलक, माउस व वीज यांची सोय तिच्यांतूनच व्हावी, हा या पेटीचा हेतु. संध्याकाळीं ती वायर काढली कीं लॅपटॉप मोकळा. योजना सुरेख खरी. पण सर्व जोडल्यावर माउस चालला, बॅटरी भरूं लागली, आणि पडदे काळेच राहिले! दुकानदार म्हणे लॅपटॉप बिघडला. दुरुस्ती करणारा म्हणे पेटी खोटी.

वस्तुतः दोहोंतहि बिघाड नव्हता. टाइप-सी हें छिद्राच्या आकाराचें नांव आहे, गुणाचें नव्हे. नैयायिकांनीं आकृति व जाति हीं वेगळीं मानलीं तीं उगीच नव्हे. हा आकार २०१४ सालीं ठरला. पण त्यांतून वीज व माहिती जाते म्हणून चित्रहि जाईलच असें नाहीं. त्यासाठीं छिद्रास डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड किंवा थंडरबोल्ट यांचें सामर्थ्य असावें लागतें. शेजारीं कधीं खूण असते, कधीं नसते; म्हणून लॅपटॉपचें माहितीपत्रक वाचल्यावांचून दुकानाची पायरी चढूं नये. आमच्या लॅपटॉपच्या छिद्रास तें सामर्थ्य नव्हतें.

सामर्थ्य असलें तरी मर्यादा आहेच. साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात आणि ते सेकंदास ६० वेळां नवे काढावयाचे. एकाच नळावर तीन तोट्या बसविल्या म्हणजे पाणी वांटलें जातें, तसेंच येथें. पडदे फार बारीक ठिपक्यांचे घेतले तर ६० चे ३० होतात आणि माउसचा बाण अडखळत चालतो. मॅक संगणकांचा प्रकार आणखी निराळा: एका वायरींतून अनेक चित्रें वांटण्याची एमएसटी नांवाची पद्धति ते मानीत नाहींत, त्यामुळें तसल्या डॉकवर दोन्ही बाहेरील पडद्यांवर एकच चित्र उमटतें. साध्या एम-१ व एम-२ चिपांचे मॅकबुक तर बाहेरचा एकच पडदा चालवितात.

आमचा मार्ग असा निघाला. लॅपटॉपला एचडीएमआयचें छिद्र होतें. पहिला पडदा त्यास थेट जोडला. दुसऱ्यासाठीं वरचे पैसे भरून डिस्प्लेलिंक जातीचा डॉक बदलून घेतला. यांत लॅपटॉपमधील एक आज्ञावली चित्र आंखडून साध्या माहितीसारखें धाडते आणि डॉकमधील चिप तें पुन्हां उलगडते. संगणकावर थोडा भार पडतो. नक्कल-संरक्षण असलेला चित्रपट त्यावर काळा दिसतो. पण लिहिण्यावाचण्यास कांहीं उणें पडत नाहीं. लॅपटॉप मात्र कंपनीचा, तेव्हां ती आज्ञावली बसविण्यास तिची परवानगी हवी. ती येण्यास चार दिवस लागले. ते चार दिवस घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं.

मग मांडणी. संगणकांतील चित्रांत पडद्यांचा डावा-उजवा क्रम टेबलावरच्याप्रमाणेंच लावावा लागतो, नाहींतर बाण डावीकडे नेला कीं उजवीकडे उगवतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत व अंतर हातभर असावें. उंचीसाठीं आमच्या पुतण्यानें पडद्याखालीं वामन शिवराम आपट्यांचा कोश सारला होता! तो आम्हीं काढून घेतला आणि तेथें दोन पाट दिले.

महिना झाला. काम वेळेवर होऊं लागलें, आणि कंपनीनें तीन दिवसांची मुभा कायम ठेविली आहे. टेबल वहिनींच्या दारासमोर आणलें. मान वळविली कीं पलंग दिसतो, आणि अकराचें औषध चुकत नाहीं. रविवारीं सूनबाई दोन्ही पडदे आमच्या स्वाधीन करते. एकावर घरच्या जुन्या पोथीचीं छायाचित्रें, दुसऱ्यावर छापील पाठ, असें मांडून आम्ही बसतों. पहिल्या पडद्याची वायर मात्र अंमळ आंखूड पडते. दोन मीटरांची आणावयास शनिवारीं पुन्हां तापकीर गल्लींत जाणें आहे.