उंच केलेल्या जीपने घाटघरला

राजूर ओलांडून भंडारदऱ्याकडे निघालात की उजव्या हाताला कळसूबाई दिसते. १६४६ मीटर, राज्यात तिच्याहून उंच शिखर नाही. भाताच्या लावणीच्या दिवसांत मी तिकडे गेलो, तो चिखलात तळ घासू नये म्हणून मागून उंच करून घेतलेल्या जीपने.

संगमनेर सोडले, सपाट रस्त्यावर वेग धरला आणि पायाखालचा पत्रा थरथरू लागला. चालक म्हणाला, "साहेब, टायरच असणार." मी म्हटले, न्यूट्रल करून गाडी वाहू दे. थरथर तशीच! म्हणजे इंजिन सुटले. चाकाचा दोष सावकाश हेलकावतो. ही थरथर बारीक होती. प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या चार-पाच पट फिरतो ना!

रोटाव्हेटर चालू ठेवून फार उचललात तर पीटीओ शाफ्ट कसा खडखडतो? तेच हे. तिरपा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एकाचा दोष दुसरा भरून काढतो. मिस्त्रीने पाट्यांच्या मागच्या शॅकल लांब बसवल्या होत्या. त्याने डिफरन्शियलचे तोंड वर झाले आणि कोन बिघडले. क्रॉस तुटून शाफ्ट सुटला, तर उतारावर गाडीला इंजिनचा आधार राहत नाही.

राजूरला जुन्या शॅकल परत बसवल्या, क्रॉस हलवून पाहिले, ग्रीस मारले. मग १९२६ साली पुरे झालेले प्रवरेवरचे धरण, पुढे धुक्यातली भातखाचरे. घाटघरपर्यंत तळ दोनदा घासला, पण पत्रा गप्प होता.