चौथा रकाना

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या कार्यशाळेत उटण्याचा आणि ओल्या रंगाचा वास भरून राहतो. आमची मुले पणत्या रंगवतात, उटण्याच्या पुड्या बांधतात. मुले ही आपली म्हणायची सवय. थोरल्याच्या कानशिलांवर केस पिकले आहेत. १९९५ च्या कायद्याने त्यांना मतिमंद म्हटले होते. २०१६ च्या कायद्याने तो शब्द टाकला, हे फार बरे झाले.

दोन वर्षांपूर्वी वसुबारसेला बाहेर कोणी सुतळी बॉम्ब लावला, आणि माझ्याशेजारी निमूट पणती रंगवणारा मुलगा माझ्या दंडाला कडकडून चावला. नऊ वर्षे मी त्याला सदऱ्याची बटणे लावायला शिकवत होते. रक्ताचे मला काही वाटले नाही. पण क्षणभर माझा हात त्याच्यावर उगारला गेला होता. खाली आला नाही. पण उगारला होता खरा.

लोकांना वाटते, आम्हांला संयम उपजतच असतो. देणगीदार हात जोडून ‘देवमाणसे’ म्हणतात. देवमाणसाला मग रडायला कोठीची खोलीच शोधावी लागते! तिथे उटण्याच्या पोत्यावर बसले होते, तोच आमच्या आक्का आल्या. त्या मुलांचे खाणेपिणे बघतात.

“दंड धुतला का, बाई?” आणि मग, “वही कुठाय?”

अशा प्रसंगांची आमची एक वही आहे. आधी काय घडले, मुलाने काय केले, पुढे काय झाले, असे तीन रकाने. प्रशिक्षणात हे शिकवतात, आणि ते उपयोगीही पडते. या मुलाच्या पानांवर गुरुवारचा एकही चावा नाही, हे त्या वहीमुळेच ध्यानात आले. शेजारची पिठाची गिरणी गुरुवारी बंद असते.

आक्कांनी पट्टीने चौथी रेघ ओढली. “हितं तुमचं लिवा.”

“माझं काय?”

“हात उचलला व्हता न्हवं? मी दारातनं बघितलं.”

मी गारच झाले.

“माझा तर एकदा खाली बी आला व्हता,” त्या हळूच म्हणाल्या. “कुणाला सांगितलं न्हाई. धा वर्सं झाली. त्या पोराला घास भरवताना अजून हात थरथरतो.”

मी लिहिले. खाली आक्कांनीही त्यांचे लिहिले; बराच वेळ लागला त्यांना. प्रमुखबाईंनी वाचले, दोघींना बसवून सगळे विचारून घेतले. फटाक्यांच्या दिवसांत त्याच्याजवळ कोणी तासापेक्षा जास्त बसायचे नाही, पाळी बदलायची, असे ठरले. शनिवारी मुले गेल्यावर चौथा रकाना मोठ्याने वाचतो. पहिले काही शनिवार सगळ्यांचे ‘काही नाही’ असायचे. मग एका नव्या बाईंनी लिहिले, ‘घरी जाऊन स्वतःच्या मुलीवर ओरडले.’ त्या दिवशी चहा दोनदा झाला.

गेल्या वसुबारसेला पुन्हा बॉम्ब वाजला. पाळी माझीच होती. त्याने कुंचला टाकला आणि रंगाने माखलेले हात स्वतःच्या कानांवर दाबले. दोन्ही कान लालभडक! चौथ्या रकान्यात मी लिहिले, ‘दचकले.’ आक्कांनी खाली लिहिले, ‘मी बी.’