मधली जागा

३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. टॅक्सीसाठी ठरविलेली वीस वर्षांची वयोमर्यादा शेवटच्या गाडीनेही गाठली होती. वर्तमानपत्रातील तिचे छायाचित्र पाहताना मला वसईतील एक अंगण आठवले आणि त्या धर्मग्रामात सारे ज्यांना 'मिस्त्री' म्हणत ते गृहस्थ आठवले. ते आदल्याच वर्षी देवाघरी गेले होते.

मी २०१० साली तेथे रुजू झालो. दर पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यास जाई, त्या यादीत मिस्त्रींच्या पत्नीचे नाव होते. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचाही गेली होती. मुलगी सासरी, घरात दोघेच.

खाटेशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असे. किती वाजता कोणत्या कुशीवर वळविले, किती पाणी पोटात गेले, टाचेवर वा माकडहाडावर लाली दिसली का, अशा नोंदी तीत असत. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीदेखील. सुरुवातीला त्यांनी टायरची ट्यूब फुगवून पत्नीच्या कमरेखाली ठेवली होती. भेटीस येणाऱ्या नर्स सिस्टरांनी ती काढावयास लावली; कड्याच्या दाबाने मधल्या कातडीचा रक्तपुरवठा अडतो, हे समजावून दिले. "जन्मभर ट्यूबा हाताळल्या, फादर, पण हे ठाऊक नव्हते," असे ते ओशाळून म्हणाले. घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून उशा लावून, पत्नीस नीट बसते करूनच ते भरवीत. भरविल्यावरही अर्धा तास आडवे होऊ देत नसत.

आणि अंगणात, ताडपत्रीखाली, फियाट ११०० डिलाइट उभी असे. साठीच्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ती गाडी त्यांनी भंगाराच्या भावाने घेतली होती. याच गाडीची पुढची पिढी १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. दोन कुशींच्या मधले दोन तास मिस्त्री तिच्यापाशी घालवीत. पत्र्याचा गंज घासणे, लांबी भरणे, कार्ब्युरेटर उघडून धुणे चाले. एका व्हीलकॅपसाठी मुलगी माहेरी येईपर्यंत ते थांबले आणि मग चोर बाजारात जाऊन आले.

मला हे रुचत नव्हते. एका शुक्रवारी मी म्हणालो, "मिस्त्रीकाका, ही गाडी विकून टाका. त्या पैशांत एखादी बाई मदतीस ठेवता येईल."

ते घासकागद फिरवीत राहिले. मग म्हणाले, "फादर, आतली दुरुस्ती माझ्या हातची नाही. पण दिवसात एक तरी वस्तू कालच्यापेक्षा बरी झालेली मला दिसावी लागते. नाहीतर मी आत जातो तेव्हा तिला माझा चेहरा दिसतो."

सेमिनरीत दुःखाच्या गूढाविषयी मी पुष्कळ वाचले होते. त्या क्षणी त्यातील एकही वाक्य उपयोगी पडले नाही.

२०१४ च्या ईस्टरला गाडी चालू झाली. या फियाटचा गिअर सुकाणूच्या दांड्यावर असतो आणि पुढची सीट सलग असते, त्यामुळे मध्ये एक माणूस सहज बसतो. मिस्त्रींनी पत्नीला त्या मधल्या जागी बसविले. एका बाजूस स्वतः, दुसऱ्या बाजूस मुलगी. तोल कोणीकडेही गेला तरी खांदा होता. चर्चच्या पटांगणात गाडी थांबली तेव्हा बाईंनी डावा हात उचलून डॅशबोर्डवर ठेवला, घरातल्या वस्तूवर ठेवावा तसा. तीन वर्षांनी त्या गेल्या.

मिस्त्रींच्या अंत्यविधीनंतर मला स्वस्थता लाभेना. माझी आई अखेरची सहा वर्षे अंथरुणास खिळून होती. तिचे सारे वहिनींनी केले. मी महिन्यातून एकदा फळे घेऊन जाई, आशीर्वाद देई आणि "देव तुम्हांला याचे फळ देईल, वहिनी," असे म्हणून निघे. त्या सहा वर्षांत त्यांचे काय अडून राहिले, हे मी कधी विचारले नव्हते.

त्या आठवड्यात गेलो आणि विचारले. वहिनी बराच वेळ गप्प राहिल्या. मग वर पाहून म्हणाल्या, "शिवणाचे मशीन. आईंच्या खाटेला जागा व्हावी म्हणून माळ्यावर टाकले. नंतर ते काढायचे राहूनच गेले."

आम्ही दोघांनी ते खाली उतरविले. चाक गंजून घट्ट बसले होते. पुढच्या खेपेस मी फळे नेली नाहीत. तेलाची कुपी आणि घासकागद घेऊन गेलो.