कच्चा भात

पनवेलच्या एका वसतिगृहाचा मी रेक्टर होतो. एका रात्री मुलांनी भरली ताटे अंगणात भिरकावली. भात कच्चा होता म्हणे. मी म्होरक्याला घरी धाडले आणि शिस्त राखली म्हणून निवांत झोपलो.

पुढे सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २००२ सालचा ‘दहावी फ’ हा चित्रपट पाहिला. त्यात अपमानाने पेटलेली ‘फ’ तुकडीची मुले शाळेची प्रयोगशाळा फोडतात. अतुल कुलकर्णींनी रंगवलेले मास्तर त्यांना दूर लोटत नाहीत. झालेले नुकसान त्यांच्याच कष्टाने भरून काढायला लावतात.

दिवाळीच्या फराळाला जुनी मुले घरी येतात. तो मात्र येत नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. मी ते शीतही चाखले नव्हते.